कोकणचे कौल आणि आपले माळवद

(श्री मारुती मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण समारंभात केलेले भाषण. वक्ते तहसील कचेरीत कारकून असून याच गावचे रहिवासी आहेत.)



कीर्तनकार महाराजांच्या अमृतवाणीनंतर माझ्यासारख्या कारकुनाने उभे राहणे म्हणजे सूर्यापुढे काजव्याने मिरवण्यासारखे आहे. माझे शिक्षण एस. एस. सी. पर्यंत. वडील कचेरीत शिपाई होते. ते नोकरीत असतानाच वारले आणि त्यांच्या मागे मी अनुकंपा तत्त्वावर लागलो. मला कागद लिहिण्याची सवय आहे, बोलण्याची नाही. परंतु समितीचा हुकूम शिरसावंद्य मानून उभा आहे. समितीने सांगितले, "देवळाचे काम सर्वांनी पाहिले. तुमच्या टेबलावरून दरवर्षी घरपडीचे पंचनामे जातात, तेव्हा देवळाच्या निमित्ताने घराविषयी दोन शब्द बोला." म्हणून आज देवाच्या दारात मी घराविषयी बोलणार आहे. मारुतीरायाने चूक-भूल पोटात घालावी.

आरंभ थोडा लांबून, म्हणजे कोकणातून करतो. अंबाजोगाईची आई योगेश्वरी ही कोकणातल्या कितीतरी घराण्यांची कुलस्वामिनी आहे. आपल्याकडे म्हातारी माणसे सांगतात की देवीचे लग्न परळीच्या वैद्यनाथाशी ठरले, कोकणातून वऱ्हाड निघाले, पण मुहूर्त टळला आणि सारे वऱ्हाड आपल्या भूमीत दगडाचे होऊन राहिले. कथेचा अर्थ जाणत्यांनी लावावा. समुद्राकाठची माणसे घाट चढून, लांबचा प्रवास करून नवरात्रात आणि मार्गशीर्षात आईच्या दर्शनाला येतात, हे तर आपण डोळ्यांनी पाहतो.

माझ्या लहानपणी असेच एक कुटुंब आले होते. उत्सवाची गर्दी, मुक्कामाला जागा कोठे मिळेना. वडिलांनी त्यांना आपल्या गावी, आमच्या घरी आणले. जेवणे झाल्यावर वडील म्हणाले, "काका, माळवदावर अंथरूण टाकले आहे, वर चला." ते काका शिडीपाशीच थांबले. म्हणाले, "घराच्या डोक्यावर झोपायचे? आमच्याकडे कौलावरून मांजरसुद्धा जपून चालते!" शेवटी वर गेले. रात्रभर चांदणे पाहत पडले होते. सकाळी त्यांनी माळवदाची माती हातात घेऊन चुरगाळून पाहिली, पन्हाळ पाहिली, खाली येऊन खांब मोजले. काका स्वतः सुतारकाम जाणणारे होते. पुढे दर दोन-तीन वर्षांनी ते येत राहिले आणि प्रत्येक खेपेला आमच्या माळवदावर झोपून जात.

त्यांचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यात समुद्रकाठी आहे. सन २०२१ च्या दिवाळीच्या सुटीत मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो. तोपर्यंत कोकण म्हणजे नारळ आणि वाळू एवढेच मला ठाऊक. प्रत्यक्षात तो किनारा मोठा खडतर आहे. खाली लाटा फोडणारा काळा कातळ आणि वर जांभ्याचा तांबडा सडा. हर्णैसमोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा आहे आणि आंजर्ल्याचा गणपती तर नावाप्रमाणेच कड्यावर बसला आहे. आपल्याकडे सालभरात सात-आठशे मिलिमीटर पाऊस झाला तर आपण सुकाळ म्हणतो. तिकडे तीन हजारांवर पडतो आणि तोही वाऱ्याबरोबर तिरपा, भिंतीवर चाबूक मारल्यासारखा.

अशा जागी त्यांचे घर तीन खणांचे. आपल्या हिशेबाने लहानच. पण त्यात एकही गोष्ट उगाच केलेली नाही. जोते काळ्या दगडाचे आणि चांगले उंच. त्यावर जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती. हा जांभा मोठा गुणी दगड आहे. खाणीतून काढताना तो हत्याराने तासता येतो आणि हवा लागली की टणक होत जातो. इंग्रज अमदानीत बुकानन नावाच्या साहेबाने सन १८०७ मध्ये त्याला विटेवरून नाव दिले, कारण तो विटेसारखा कापला जातो. परंतु तो पाणी पितो. म्हणून कोकणातला कारागीर भिंत पाण्यापासून दूर ठेवतो. खालून उंच जोते आणि वरून लांब पाखे.

छप्पर चारी बाजूंना उतरते. वळचण इतकी खाली आणलेली की मला वाकून ओटीवर जावे लागले. मी हसत म्हटले, "काका, दोन फूट वर घेतले असते तर पाहुण्याच्या डोक्याला लागले नसते." तेव्हा पंच्याऐंशी वर्षांचे काका म्हणाले, "पाहुणा वर्षातून एकदा येतो, पाऊस चार महिने येतो. घर पावसाच्या मापाने बांधायचे." मग त्यांनी एकेक उलगडून दाखवले. वळचण खाली असली की तिरपा पाऊस भिंतीला लागत नाही आणि वाऱ्याला छपराखाली शिरून उचलायला वाव राहत नाही. पडवीचे छप्पर मुख्य छपराहून निराळे आणि खालच्या अंगाला असते. वादळात पडवी गेली तरी घर राहते. पावसाच्या तोंडावर ज्या बाजूने झड येते तिकडे नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधतात. शेजारी सुपारी-नारळाची बाग असते, तीही वारा अडवते.

दि. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. दापोली, मंडणगड, श्रीवर्धन या भागांत घरांचे आणि बागांचे अतोनात नुकसान झाले. काकांच्या घराचीही पुष्कळ कौले गेली, पडवी मोडली, बागेतल्या माडांपैकी निम्मे आडवे झाले. पण वासे आणि आढे जागच्या जागी राहिले. वाडीतल्या एका नव्या घराचे पत्रे मात्र सांगाड्यासकट उडाले आणि दुसऱ्याच्या अंगणात पडले. काका म्हणाले, "कौल सुटे असते. वारा दहा-वीस कौले नेतो आणि घर सोडतो. पत्रा एकदा उचलला की सगळाच जातो."

म्हणून कोकणात सारे आलबेल आहे असे मात्र कोणी समजू नये. दरवर्षी पावसाआधी कौले उतरवून शाकारणी करावी लागते. माकडे कौले फोडतात. मंगळुरास कौलांचा पहिला कारखाना निघाला, तेव्हापासून त्या किनाऱ्यावर चपटी मंगळुरी कौले पसरली. जुनी नळीची कौले करणारे कुंभार आता दिसत नाहीत. शाकारणी करणारा गडी मिळत नाही, कारण वाडीतली तरुण पोरे मुंबईला. हे ऐकताना मला आपलेच गाव दिसत होते. त्यांची पोरे मुंबईला, आपली पोरे कोयता घेऊन कारखान्यावर. घर दोन्हीकडे म्हाताऱ्यांच्या हवाली.

निघायच्या आदल्या रात्री काकांनी विचारले, "तुमचे माळवद कसे आहे रे? वडील गेल्यावर माती टाकतोस ना दरसाल?"

मंडळी, मला उत्तर देता आले नाही. कारण ते माळवद मी सन २००९ मध्ये मोडले होते. सागाचे चौदा खांब, तुळया, किलच हे सारे एका व्यापाऱ्याने ट्रकमध्ये घालून नेले. जे पैसे आले त्यात नव्या स्लॅबचे लोखंडसुद्धा पुरते आले नाही. आज त्या स्लॅबखाली एप्रिल-मे महिन्यांत रात्री बारापर्यंत भिंती गरम असतात. माझी आई दुपारी घरात थांबत नाही. ती कोठे बसते हे तुम्हा सर्वांना माहीत आहे. ती याच देवळाच्या सभामंडपात, खांबाला टेकून बसते.

मी माळवद का मोडले, याचे खरे कारण सांगितले पाहिजे. नुसती हौस नव्हती, भीती होती. दि. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून गाव झोपले होते. मी सहावीत होतो. भांडी वाजली, उतरंड कोसळली, वडिलांनी आम्हाला ओढून अंगणात आणले. आपल्याकडे तेवढ्यावर भागले. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या जिल्ह्यांत किल्लारी-सास्तूरच्या बाजूला गावेच्या गावे झोपेत गाडली गेली. सात हजार नऊशेहून अधिक माणसे गेली. ५२ गावे पुढे नव्या जागी वसवावी लागली. त्यानंतर माझी आजी माळवदाखाली झोपली नाही ती मरेपर्यंत. अंगणात पत्र्याचे शेड झाले. गावोगाव हेच झाले. दगडाच्या घराची धास्तीच बसली. दगड खातो, माती खाते, असे लोक म्हणू लागले.

पण पुढे कचेरीत लागल्यावर जुने कागद चाळले, त्या वेळी काम केलेल्या अभियंत्यांशी आणि गवंड्यांशी बोलणे झाले, तेव्हा कळले ते निराळेच. पडलेल्या घरांच्या भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट जाड होत्या. बाहेरून घडीव दगड, आतून दगड आणि मध्ये नुसती माती-कपच्यांची भर. दोन्ही अंगांना धरून ठेवणारा आरपार दगड कोठे घातलेलाच नव्हता. म्हणजे ती एक भिंत नव्हतीच, पाठीला पाठ लावून उभ्या केलेल्या दोन भिंती होत्या. जमीन हलली आणि त्या फुगून फुटल्या.

दुसरे कारण डोक्यावर होते. माळवद गळले की आपण काय करतो? आणखी एक थर पांढरी माती. बापाने टाकली, आजाने टाकली, खालची कोणी काढली नाही. गौण खनिजाचे चलन भरताना सर्वांना ठाऊक असते की १०० घनफूट म्हणजे एक ब्रास. दहा बाय दहाच्या खोलीवर एक फूट माती म्हणजे बरोबर एक ब्रास, वजन सुमारे साडेचार टन. काही घरांवर तर दोन फुटांहून अधिक माती होती. ट्रॉलीवर ट्रॉली रिकामी करावी तशी ती माती झोपलेल्या लेकरांवर आली.

तिसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे. ज्या घरांत माळवद भिंतीवर न टेकवता जुन्या रीतीने लाकडी खणांवर, खांब-तुळयांवर पेललेले होते, त्यांतल्या पुष्कळ घरांच्या भिंती बाहेर पडल्या तरी माळवद खांबांवर तसेच उभे राहिले आणि माणसे वाचली. भूकंपानंतर जी घरे मजबूत करण्याचे काम सरकारने हाती घेतले, त्यात याच गोष्टी सांगितल्या होत्या. माळवदाची माती कमी करा, खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरके आधार द्या, भिंतीत आरपार दगड किंवा तशीच काँक्रीटची खीळ घाला, घराला पट्टा बांधा. म्हणजे दोष दगडाचाही नव्हता आणि मातीचाही नव्हता. कधीतरी एका पिढीने काम स्वस्तात उरकले, पुढच्या पिढीने डागडुजीला फाटा दिला आणि कारागिराला विचारायचे आपण सोडून दिले. त्याची किंमत त्या पहाटे मोजावी लागली.

आता माझ्या टेबलावरचे सांगतो. पावसाळ्यात तलाठ्यांकडून घरपडीचे पंचनामे येतात. सन २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला तो आपण सर्वांनी भोगला आहे. पंचनाम्यात कारण लिहिलेले असते 'अतिवृष्टी'. नुकसान 'अंशतः' की 'पूर्णतः' हेही लिहिलेले असते. ते खोटे नसते. परंतु घरमालक कचेरीत येऊन बोलू लागला की कळते, पन्हाळ तीन वर्षांपासून फुटलेली होती. भिंतीच्या बुडाला लोणा लागला होता. वर सिमेंटचा गिलावा मारून तो झाकला, तेव्हा ओल आतच कोंडली. घर ऊसतोडीला सहा महिने बंद होते. या गोष्टींसाठी छापील नमुन्यात रकाना नाही. भरपाई मिळते, पण घर उभे राहण्याइतकी ती कधीच नसते, हे मी स्वतः आकडे लिहीत असल्यामुळे जाणतो.

आणि आता आपल्या देवळाकडे येतो. तीन वर्षांपूर्वी पारावर बैठक झाली तेव्हा दोन मते होती. एक मत असे की जुना लाकडी सभामंडप पाडावा, स्लॅब टाकावा, फरशी बसवावी. खरे सांगतो, त्या दिवशी बहुमत तिकडेच होते. दुसरे मत आपल्या वयोवृद्ध सुतारबाबांचे. ते एवढेच म्हणाले, "पाडायच्या आधी मला एकदा वर चढू द्या." वर चढून त्यांनी माती उकरायला लावली. दीड फूट माती निघाली, थरावर थर. खालचे किलच चार ठिकाणी कुजलेले, बाकी ठणठणीत. खांबांची बुडे ओलीने खाल्लेली, वरचा साग मात्र जसाच्या तसा. सुतारबाबा म्हणाले, "देव म्हातारा झालेला नाही, त्याच्या डोक्यावरचे ओझे वाढले आहे."

मग काम त्या दिशेने झाले. खांब एकेक करून उचलून धरले, कुजलेले बूड कापून नवा साग जोडला आणि प्रत्येक खांब पुन्हा दगडी तळखड्यावर बसवला. कोपऱ्यांत तिरके आधार दिले. वरची माती सगळी काढून सहा इंच ठेवली, खाली जाड प्लॅस्टिकचा कागद घातला, पन्हाळी नव्या केल्या. बाहेरची फुगलेली भिंत उतरवून पुन्हा रचली. उंचीत दर दोन फुटांवर आणि लांबीत दर चार फुटांवर आरपार दगड घातला. गाभाऱ्याच्या काळ्या पाषाणावरचा ऑइलपेंट महिलामंडळाने आठ दिवस घासून काढला, तेव्हा खालची नक्षी आम्ही चाळिशीच्या माणसांनी प्रथमच पाहिली. गावातल्या चार पोरांनी सुतारबाबांच्या हाताखाली काम केले. यंदा त्यांतले दोघे कोयत्यावर गेले नाहीत, शेजारच्या गावात काम धरून आहेत. माझ्या मते देणगीदारांच्या पैशाचे यापेक्षा मोठे व्याज नाही.

देवाचे घर नीट झाले. आता माणसांच्या घरांचे पाहू. गावात घरकुले मंजूर होत आहेत. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण सन २०१६ मध्ये सुरू झाली तेव्हा किमान २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फुटांचे घर आणि सपाट भागासाठी १ लाख २० हजार रुपये असा निकष होता. पैसा थोडा, जागा थोडी. म्हणूनच लहान घराला अक्कल जास्त लागते. कोकणातले काकांचे घरही लहानच आहे.

मी कोणाला माळवद बांधा असे सांगत नाही. आजच्या दरात तेवढा साग कोणाला झेपणार? कोकणचे उतरते कौल आणून आपल्या माळरानावर ठेवा असेही नाही. त्यांच्या घराने पावसाला उत्तर दिले आहे, आपल्या घराला उन्हाला आणि भूकंपाला उत्तर द्यायचे आहे. माझी विनंती तीन गोष्टींची आहे. पहिली, ज्यांची जुनी घरे उभी आहेत त्यांनी पाडण्याआधी जाणत्या कारागिराला एकदा वर चढू द्यावे, माती मोजावी, जास्तीची उतरवावी, पन्हाळ दुरुस्त करावी. दुसरी, जे नवे बांधतात त्यांनी खर्चाला कात्री लावताना जोते, आरपार दगड आणि जोत्याचा व दारा-खिडक्यांवरचा सलग पट्टा यांना कात्री लावू नये. हवे तर रंग पुढच्या वर्षी द्या. शक्य झाल्यास दक्षिण-पश्चिमेला एक पडवी काढा, ती भिंतीची सावली होते. तिसरी, जुन्या घराचे घडीव दगड आणि साग व्यापाऱ्याला देण्याआधी गावात विचारा. मी विचारले नाही. विचारले असते तर कदाचित माझेच खांब आज या मंडपात लागले असते.

काका मागच्या वर्षी देवाघरी गेले. त्यांचा मुलगा येत्या मार्गशीर्षात योगेश्वरीच्या दर्शनाला येणार आहे. त्याने फोनवर विचारले, "वडील सांगायचे ते चांदण्यातले अंथरूण आता मिळेल का?" माझ्या घरी ते मिळणार नाही. पण समितीने परवानगी दिली तर मी त्याला या मंडपाच्या माळवदावर एक रात्र झोपवीन. शिडी धरायला मी खाली उभा राहीन.

ज्यांनी पैसा दिला, ज्यांनी श्रम दिले आणि ज्यांनी पारावरच्या बैठकीत आपले मत मागे घेण्याचा मोठेपणा दाखवला, त्या सर्वांना हात जोडतो. मारुतीरायाने गावातल्या प्रत्येक छपराखालच्या लेकराला सुखाची झोप द्यावी, एवढेच मागून माझे दोन शब्द पुरे करतो.

बोला, पवनसुत हनुमान की जय!